सपाट हात

मंडळाच्या अंकाचे संपादक दरवर्षी माझ्याकडे लेख मागतात. "टीबीच्या दवाखान्यात उभं आयुष्य काढलंत, किती गोष्टी असतील तुमच्याकडे," असं म्हणतात. गोष्टी आहेत. पण मी एकदा त्यांना जुन्या ट्रामवर लिहून दिलं, एकदा दुर्गापूजेच्या मंडपांवर, आणि उरलेली वर्षं तब्येतीचं कारण सांगितलं. दवाखान्यावर लिहायला बसलो की कलकत्त्याच्या बेहाला भागातलं एक घर समोर येतं आणि पुढचं वाक्य सुचत नाही. आता त्या घरातलं कुणी उरलेलं नाही. नावं मी बदलली आहेत, तरी आपल्यातले जुने लोक ओळखतील. त्यांनी ओळखावं म्हणूनच लिहितो आहे. त्या घराबद्दल आपल्या कलकत्त्याच्या मराठी मंडळींत एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. ती खोटी आहे, आणि खोटी आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

आधी काम काय होतं ते सांगतो. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. पूर्व बंगालातून माणसं लोटत होती, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं राहत होती, पोटाला पुरेसं नव्हतं. क्षयाला आणखी काय हवं असतं? आमच्या छातीच्या दवाखान्यासमोर सकाळी रांग लागायची ती पानवाल्याच्या टपरीला वळसा घालून गल्लीत शिरायची. मी तिथे तंत्रज्ञ होतो. लोक 'कंपाउंडरबाबू' म्हणत. थुंकीच्या काचा रंगवणं हे एक काम, आणि दुसरं हात वाचणं.

हात वाचणं म्हणजे भविष्य नव्हे. क्षयाचे जंतू मारून गाळून जे सत्त्व उरतं त्याला ट्यूबरक्युलिन म्हणतात. त्याचा अगदी थोडा अंश मनगट आणि कोपर यांच्या मधल्या कातडीत बारीक सुईने टोचायचा. मसुराएवढा फुगवटा येतो आणि जिरतो. मग तिसऱ्या दिवशी हात पाहायचा. ज्या शरीराची त्या जंतूशी गाठ पडलेली असते ते शरीर त्याला ओळखतं, तिथे धावून जातं, आणि कातडी टणक होते. ज्याची गाठ पडलेली नसते त्याचा हात सपाट राहतो. लालीवर जायचं नाही, टणकपणा मोजायचा. आमचे डॉक्टर सान्याल मला डोळे मिटून बोट फिरवायला लावायचे. बाहेरून आत यायचं आणि बोट जिथे अडेल तिथे खूण करायची. "डोळे हवं ते बघतात, जोगबाबू," ते म्हणायचे. "बोट तितकं लबाड नसतं." माझं बोट चांगलं होतं. हा अभिमान अजून गेलेला नाही.

माणसं नाना तऱ्हेची यायची. हावड्याच्या ज्यूट मिलमधल्या एकाला दवाखान्यात खाट हवी होती, म्हणून त्याने टोचलेल्या जागी चुना आणि मिरचीचा लेप लावला. हात असा सुजला की सुईची जागाच सापडेना. एका शांत चेहऱ्याच्या मिठाईवाल्याने हळदीचं पोटीस बांधून फोड बसवला आणि तिसऱ्या दिवशी मोठ्या खुशीत सांगितलं, "सारिये दियेछी, बरा करून टाकला." एका कारकुनाने हात दाखवायला चक्क धाकट्या भावाला पाठवलं. मी म्हटलं, सुईची खूण कुठाय? तर तो म्हणाला, "दादाच्या हातावर आहे. दादा ऑफिसात आहे. रक्त तर एकच ना?" नव्या लग्न झालेल्या बायका हातातली शंखाची बांगडी घट्ट धरून विचारायच्या, ही उतरवावी लागेल का. मी म्हणायचो, नाही, बोउदी, त्याच्या बरंच वर टोचतो.

या सगळ्यांना एक गोष्ट पटवणं फार अवघड जायचं. कलकत्त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांचा हात फुगायचाच. ट्राममध्ये, सिनेमात, शाळेच्या बाकावर कुठे ना कुठे जंतूशी गाठ पडलेली असायची. सान्यालांचा स्वतःचा हात फुगत होता, माझाही. "हात फुगला तो रोगी असं म्हटलं तर हे शहर रिकामं करावं लागेल," ते म्हणायचे. म्हणून मोठ्या माणसाच्या बाबतीत नुसत्या हातावर विसंबायचं नाही. थुंकी पाहायची, एक्स-रे काढायचा, आणि मगच तोंड उघडायचं. हा दवाखान्याचा नियम होता आणि तो मला पाठ होता.

आता ते घर. त्यांना आगाशे म्हणू. दोन पिढ्या कलकत्त्यात काढलेलं कुटुंब. माई विधवा होत्या. थोरला मुलगा वसंतराव शाळेत गणित शिकवायचा, मंडळाच्या नाटकात हुकमी नायक. त्याची बायको, दोन वर्षांची मुलगी बेबी, आणि धाकटी बहीण इंदू. इंदू माझ्याच वयाची. फोर्ट विल्यमच्या लष्करी तळावर बदलून आलेल्या एका मराठी मुलाशी तिचं लग्न ठरत आलं होतं. त्याच सुमारास त्यांच्या खालच्या मजल्यावरचा भाडेकरू क्षयाने गेला. माईंना धास्ती बसली. उद्या मुलाकडच्यांनी विचारलं तर?

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या आईबरोबर मीही गेलो होतो. माईंनी मला बाजूला घेतलं.

"सदा, तू ते हाताचं करतोस ना? आमच्या सगळ्यांचं करून टाक. घरीच."

"माई, दवाखान्यात या ना. सान्याल डॉक्टर फार चांगले आहेत. फोटोही निघेल छातीचा."

"त्या रांगेत इंदूला उभी करू? संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळात होईल. तू आपला आहेस, म्हणून सांगते."

तू आपला आहेस. आपली मराठी घरं मूठभर. कुणाच्या घरी काय शिजलं हेसुद्धा आठवडाभरात सगळ्यांना कळायचं. त्यामुळे परक्या रांगेपेक्षा घरचा माणूस बरा, असं सगळ्यांना वाटे. डॉक्टर घरचा, वकील घरचा, आणि तो नसेल तर कंपाउंडरसुद्धा चालेल. बाविशीतल्या पोराला त्या तीन शब्दांनी किती फुगवलं ते आता सांगायला लाज वाटते. मी सान्यालांना न विचारता ट्यूबरक्युलिनची एक कुपी थर्मासमध्ये बर्फावर ठेवली आणि रविवारी बेहालाला गेलो.

बेबी रडली, म्हणून वहिनी म्हणाल्या की तिला राहू दे. बाकी चौघांना टोचलं. वसंतरावाने बाही वर करताना मला चिडवलं, "बघ हं, नायकाचा हात आहे. डाग पडला तर पुढच्या नाटकात तुला झाडाचं काम देईन." त्याला वर्षभर खोकला होता. दमा आहे, खडूच्या भुकटीचा त्रास आहे, असं घरात म्हणत. सदरा त्याच्या अंगावर लोंबत होता. हे मी पाहिलं. पाहून पुढे काही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी गेलो. माई आणि वहिनी दोघींचे हात बेताचे फुगले होते. त्यांना मी 'ठीक आहे' म्हटलं. इंदूचा हात मोठा फुगला होता, मध्ये पाण्याचा फोड आला होता. वसंतरावाचा हात सपाट. डोळे मिटून दोनदा बोट फिरवलं, कुठेही अडलं नाही. कातडी जुन्या कागदासारखी लागली.

"दादाचं?" माईंनी विचारलं.

"काही नाही. साफ."

"आणि इंदूचं? आहे का तिच्यात?"

इथे सांगायचं होतं की माई, तो जंतू माझ्यातही आहे, तुमच्यातही आहे. फुगलेला हात म्हणजे आजार नव्हे, अंगात पहारा आहे एवढाच त्याचा अर्थ. पण सगळे माझ्याकडे बघत होते. इतका मोठा फोड मी स्वतःही क्वचित पाहिला होता. मी डॉक्टरांसारखा थोडा थांबलो आणि म्हणालो, "आहे."

इंदूने बाही खाली केली.

लग्न मोडलं. मुलाकडच्यांना कुणी सांगितलं माहीत नाही, कदाचित माईंनीच, खोटं नको म्हणून. इंदूला गच्चीवरची खोली दिली. तिचं ताट वेगळं, निळा इनॅमलचा मग वेगळा. बेबीला तिच्याकडे जायची बंदी झाली. पोर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहून "आत्या, आत्या" करायची आणि वसंतराव तिला उचलून घ्यायचा, छातीशी धरून झोपवायचा. त्याचा हात साफ होता ना.

होळीच्या सुमाराची गोष्ट. दवाखान्यात पूर्व बंगालातल्या बारिसालकडून आलेले एक मास्तर होते, नुसती हाडं राहिलेले. त्यांचा हात सपाट निघाला म्हणून मी त्यांना घरी जाणाऱ्यांच्या बाकावर बसवलं. सान्यालांनी मला आत बोलावलं आणि एक फोटो उजेडासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत पोकळ्या होत्या.

"हे कुणाचं?"

"माहीत नाही, सर."

"तुम्ही घरी पाठवत होतात त्यांचं."

"पण सर, त्यांचा हात सपाट आहे."

"म्हणूनच तर." ते रागावले नाहीत. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "असं बघा. जंतू एकदा शिरला की बहुधा जात नाही. शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं आणि पहारा ठेवतं. तुमच्या सुईने हात फुगतो तो त्या पहारेकऱ्यांमुळे. पहारा शाबूत असला तर माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशाने तरी मरेल, जंतू आत तसाच कोंडलेला. कधी कधी मात्र पहारेकरी चवताळतात. मग जंतूबरोबर ते स्वतःचं फुप्फुसही जाळतात. ही पोकळी जंतूने एकट्याने केलेली नाही, निम्मं काम शरीराचं आहे. पोकळी झाली की भिंत फुटली. आता प्रत्येक खोकल्याबरोबर जंतू हवेत."

"मग हात सपाट का?"

"वर्षानुवर्षं लढून, उपाशी राहून पहारा थकतो. प्रत्येक बड्या रोग्याचं असं होत नाही, पण ज्याचं होतं तो बहुधा वाईट अवस्थेत असतो. तुमची सुई दार ठोठावते. आत ओ द्यायला कुणी उरलेलं नसतं." त्यांनी फोटो खाली ठेवला. "निरोगी माणसाचा हात सपाट असतो आणि मरत्या माणसाचाही असू शकतो. फरक कसा ओळखायचा? माणसाकडे बघून. तुम्ही फक्त हात बघितलात."

परतताना ट्राममध्ये मला वसंतरावाचा लोंबणारा सदरा आठवला. ट्राम थांबली, माणसं चढली, उतरली. मला उतरून बेहालाची गाडी धरायला हवी होती. मी धरली नाही. रविवारी जाऊ असं ठरवलं. रविवारी मंडळात तालीम होती. माझ्या मनात काय होतं ते लिहितो. गेलो असतो तर कुपी चोरून नेल्याचं सान्यालांना कळलं असतं, नोकरी गेली असती. आणि माईंच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं की मी चुकलो. यातलं दुसरं मला जास्त जड वाटत होतं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी बेहालाच्या ट्राम डेपोपाशी वसंतराव भेटला. बेबी खांद्यावर, त्याच्या गालाला गाल लावून झोपलेली. बोलता बोलता तो खोकला आणि मान वळवायची तसदीही त्याने घेतली नाही.

मी म्हटलं, "वसंतराव, एकदा छातीचा फोटो काढून घ्या की. सहज."

"कशाला रे? तूच तर साफ म्हणालास."

"तसं नाही, पण एकदा..."

"आता माझी परीक्षा दोनदा घेणार का? एकदा पास झालेल्या पोराला मीसुद्धा परत बसवत नाही." तो हसला.

मीही हसलो. तेवढंच. या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, पण मी हसलो हे लक्षात ठेवा. घरी 'आहे' म्हणालो ते अज्ञान आणि मिजास होती. डेपोपाशी मला सगळं माहीत होतं.

बेबीला ताप आला, मग उलट्या, मग मान ताठ झाली. क्षय मेंदूपर्यंत गेला होता. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतं मिळू लागलं होतं. सान्यालांनी कुठून तरी मिळवलं, पण उशीर झाला होता. पूजेच्या आधी, ढाक वाजवणारे ढोलवाले गल्लीत हात बसवत होते तेव्हा ती गेली. त्यानंतर महिनाभरात वसंतरावाला रक्ताची गुळणी आली आणि तो माझ्याच दवाखान्यात आला. फोटोत जुन्या पोकळ्या होत्या, अंगावर काढलेल्या.

सान्यालांनी विचारलं, "इतके दिवस काहीच तपासणी नाही केली? हाताचीसुद्धा?"

मी शेजारी ट्रे धरून उभा होतो. वसंतरावाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "काहीच नाही केली."

नव्या औषधांवर तो आणखी काही वर्षं जगला. मला तो ना कधी काही बोलला, ना त्याने कधी विचारलं. नाटकातलं काम मात्र त्याने सोडलं.

आणि आपल्या मंडळींत गोष्ट तयार झाली: इंदूच्या हाताला मोठा फोड आला होता, तिनेच पोरीला दिला, भावालाही दिला. ही गोष्ट मी कोजागिरीला ऐकली, गणपतीत ऐकली. लोक माझ्याकडे वळून विचारायचे, "काय हो जोग, तुम्हीच पाहिला होतात ना तो हात?" मी म्हणायचो, "हो, मोठा होता." यात खोटं काही नव्हतं.

खरं असं आहे. इंदूला क्षय नव्हता. तिच्या अंगातला पहारा आम्हा सगळ्यांपेक्षा कडक होता, म्हणून फोड तेवढा मोठा. बेबीला जंतू बापाकडून मिळाले, माझ्या 'साफ' या शब्दाच्या भरवशावर. उष्ट्या भांड्याने तो रोग सहसा पसरतही नाही. तो खोकल्याने पसरतो.

इंदूने लग्न केलं नाही. पुढे मुलींच्या शाळेत नोकरी धरली तेव्हा तिला छातीचा फोटो काढावा लागला, तो स्वच्छ निघाला. तिने त्याचा अर्थ लावला की जपल्यामुळे दबून राहिला आहे. भावाची, मग आईची सेवा तिने केली, कारण 'तिला आता काय होणार'. मंडळाच्या कार्यक्रमांना ती पिशवीत स्वतःचा निळा मग घेऊन यायची. नवी सून तान्हं मूल दाखवायला पुढे आली की इंदूताई दोन्ही हात मागे बांधून बघायच्या. तोवर आम्ही सगळेच त्यांना इंदूताई म्हणू लागलो होतो.

माझी पत्नी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी ठरवून त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं. त्या ऐंशीच्या घरात होत्या, पाठ ताठ, आवाज खणखणीत. चहा केला, मला कपबशीत, स्वतःला मगात. मगाचा निळा रंग कडेने उडाला होता.

"बरं झालं आलात, सदाभाऊ. तुमचे आभार मानायचे राहिलेत."

"माझे?"

"तुम्ही वेळेवर सांगितलंत. म्हणून जपले, म्हणून एवढं जगले. नाहीतर दादासारखं झालं असतं."

मी कप खाली ठेवला.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "कुणाला विचारलं नाही आजवर. बेबी एकदा माझी नजर चुकवून गच्चीवर आली होती. तहान लागली म्हणाली. मी माझ्या या मगातलं पाणी पाजलं. एकदाच. तेवढं सोडलं तर मी नियम मोडला नाही. त्यानेच झालं असेल का हो?"

घोकलेलं सगळं माझ्याजवळ होतं. पण ते बोलायचं म्हणजे पोरीच्या मरणाचं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरवताना त्यांचं सगळं आयुष्य त्यांच्या हातात ठेवायचं, की बघा, हे विनाकारण गेलं. निदान असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. आता वाटतं, मी पुन्हा बाविशीचा झालो होतो, एवढंच.

"आता कशाला जुन्या गोष्टी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. उठून आपला निळा मग विसळला आणि इतर कपांपासून दूर पालथा घातला.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. झोपेत, वयाने. छातीचं काहीही नव्हतं.

इंदूताई, त्या पाण्याने काही झालं नाही. तुम्हाला कधीच काही नव्हतं. बेबीला तुम्ही उचलून घ्यायला हवं होतं. चूक माझी होती, आणि मला माहीत होतं.